पवळीचं मोल

कौसाबाईने आयुष्यभर गुरं वाढवली, पण तरुणपणी वाढवलेली जवळजवळ सगळी दुसऱ्यांच्या गोठ्यात गेली. म्हातारपणी तापीकाठच्या आपल्या अंगणात ती गाईच्या पाठीवरून हात फिरवत बसे, तेव्हा तिला हटकून पवळी आठवे.

त्या तरुणपणीच्या काळात नवरा नुकताच गेला होता, शेत नावालाही नव्हतं. गावचे भटू पाटील तिला दूध तुटलेली कालवड अर्धेलीने देत. म्हणजे कालवड पाटलांची, चारापाणी आणि राबणं कौसाबाईचं. पहिलं वेत झालं की सांभाळणाऱ्याने चार माणसांत गाईची किंमत सांगायची, तीही एकदाच. मग मालकाने ठरवायचं, अर्धे पैसे देऊन गाय न्यायची, की अर्धे घेऊन तिथेच सोडायची. रीत कुणी काढली देव जाणे, पण काढणाऱ्याच्या गाठीला पैसे होते एवढं नक्की.

कौसाबाई बांधावरचं गवत खुरपून आणी, जनावर तुकतुकीत करी आणि वाजवी किंमत सांगे. पाटील अर्धे पैसे देत आणि गाय घेऊन जात. माणूस वाईट नव्हता, पण त्याला पारख होती. पैसे ज्वारीत आणि छपरात जात, खुंटा रिकामा राही, आणि कौसाबाईला किती तरी दिवस भाकरी गोड लागत नसे.

पवळी आली तेव्हा तिने मनाशी गाठ बांधली, की ही जाऊ द्यायची नाही. गोवऱ्या थापून विकल्या, शेजारणींचं लोणी कढवून नंदुरबारच्या बाजारात तूप पोचवलं, अर्धपोटी राहून मडक्यात पंचवीस रुपये साठवले. पवळीही अशी लाडावली, की कळपातून परतली की आधी घरात डोकावून बघे, मग दावणीला जाई. दिवस ओढीचे होते, पण कौसाबाईला पुढे तेच सगळ्यांत सुखाचे वाटत.

पवळी व्याली आणि पारापाशी माणसं जमली. बाजारभावाने गाय पस्तीसची. तेवढे सांगितले तर पाटील नेणार, कमी सांगितले तर हसत हसत नेणार. कौसाबाईने पवळीच्या गळ्याखाली खाजवलं आणि म्हणाली, "पन्नास."

लोकांत हशा पिकला.

"पन्नासले गाय मी कसाले लेऊ?" पाटील म्हणाले. "तूच ठेव, कौसा."

मडकं पालथं झालं. शहाण्यांनी तिला वर्षानुवर्षं वेड्यात काढलं. पुढे सगळी दावण पवळीच्याच वंशाने भरली, तरी एक सल राहिलाच. गाईची खरी किंमत पाटलाला ठाऊक होती, आणि ती पन्नास का म्हणाली हेही. त्याने नुसतं पुन्हा एकदा विचारायला हवं होतं.

दुसरं महायुद्ध लागलं, गुरांचे भाव चढले. आता कालवड अर्धेलीने देणारी कौसाबाई होती, आणि घेणारी शोभा, गावातलीच एक एकटी बाई. कालवड व्याली. त्याच पारापाशी शोभाने गाईच्या गळ्यात हात टाकला, दुसऱ्या हाताने पदराची गाठ घट्ट धरली आणि बाजारभावाच्या दीडपट आकडा सांगितला. माणसं हसली. कौसाबाईचे मात्र डोळे भरून आले.

तिने शोभाला किंमत पुन्हा विचारली, तेव्हा कुणीतरी आठवण करून दिली, की ती एकदाच सांगायची असते. कौसाबाईने तिकडे लक्षच दिलं नाही.

"आखो एक डाव सांग, शोभा," ती म्हणाली. "कमी सांग."