रॅम्पच्या पैशांची राखण

व्हर्ना टॉलेफसन अमेरिकेतल्या थंडगार डुलुथ शहरातल्या एका लहान संस्थेची व्यवस्थापक होती. आम्ही सहा निवृत्त कामगार व्हीलचेअरवाल्यांच्या दाराशी लाकडी रॅम्प बांधायचो. आमची नोंदणी नव्हती, म्हणून देणग्या तिच्या संस्थेच्या नावावर यायच्या. हिशेब आणि जबाबदारी संस्थेची. त्याबद्दल संस्था शंभरामागे आठ डॉलर घ्यायची.

"आठ डॉलर कशाचे गं? बसल्या जागी खुर्ची तापवायचे?" आमचा म्होरक्या रस माकी विचारायचा.

"ऑडिटचे, विम्याचे, आणि तुझी बडबड ऐकायचे."

पावतीशिवाय ती खिळासुद्धा देत नसे. एका देणगीदाराला फक्त आपल्या मेव्हण्याच्या दारात रॅम्प हवा होता, त्यासाठी त्याने चेक दिला. देणगी घरच्यांसाठी नसते, असं सांगून तिने तो परत केला.

एका हिवाळ्यात संस्थेचं अनुदान अडकलं. आयोनी बर्गस्ट्रॉम ही म्हातारी तेव्हा आमच्या रॅम्पची वाट बघत घरात अडकून होती. मी संस्थेच्या ऑफिसच्या दाराची बिजागरी बदलत होतो. संस्थेचा अध्यक्ष जेराल्ड आत व्हर्नाला म्हणाला, "रॅम्पचे पैसे पडूनच आहेत. जमीन गोठलेली, मे महिन्यापर्यंत खांब रोवता येणार नाहीत. तोवर पगाराला वापरू, मग भरू."

"ते आपले नाहीत. आपण फक्त सांभाळतो."

"अगं, तुझाही पगार त्यातूनच निघेल."

"म्हणून तर सही करत नाही."

तिने आमच्याशी झालेला करार काढला, दुसऱ्या गावची एक संस्था आमचे पैसे सांभाळायला राजी केली आणि सगळी रक्कम तिकडे वळवली. रसने कुरकुरत सही केली. "आमची ब्याद टाळतेस, दुसरं काय!"

फेब्रुवारीत तिची संस्था बंद पडली. चार माणसांच्या नोकऱ्या गेल्या, त्यात तिचीही. बाकीचे तिघे तिला रस्त्यात ओळख देईनात.

मे महिन्यात आम्ही पाच फूट खोल खड्डे घेतले आणि खांब रोवले. आयोनी रॅम्पवरून स्वतः चाकं ढकलत खाली आली. माजी अध्यक्ष म्हणून जेराल्डने फीत कापली, भाषण केलं. व्हर्नाला कोणी बोलावलं नव्हतं. ती हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या करत होती.

मी रसला बाजूला घेऊन दाराशी ऐकलेलं सगळं सांगितलं.

"पैसे आपल्याच कामाचे होते ना?" तो केक खात म्हणाला. "मग तिने विशेष काय केलं?"