गाडी पास झाली त्या दिवशी
माझ्या गाडीला सायलेन्सर नव्हता आणि मला त्याची लाजही नव्हती. लष्कराच्या लिलावातून निघालेली ती जुनी मोटार मी तिसरा मालक म्हणून घेतली होती. मागचा भाग कापून चाकणच्या सुताराकडून फळ्यांचा हौदा करून घेतला. सायलेन्सर गंजून रस्त्यात कुठेतरी गळून पडला, तेव्हा त्या जागी सरळ लोखंडी नळी ठोकली. कांदे-बटाटे पुण्याला न्यायचे आणि येताना रिकाम्या हौद्यात माणसं घ्यायची, हा माझा धंदा. पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. एस.टी. सकाळी एक आणि दिवेलागणीला एक, मधल्या वेळी रस्त्यावर माझंच राज्य होतं.

मोशी मागे टाकून इंद्रायणीचा पूल ओलांडला की चढ लागतो. त्या चढाला गाडी घातली की कुरुळीच्या शिवारापर्यंत आवाज जायचा. शेतातली माणसं खुरपी टाकून निघायची आणि मी पोचेपर्यंत रस्त्याकडेच्या बाभळीखाली उभी असायची. कुणी उभं नसलं की मी सरळ पुढे जायचो. हॉर्न वाजवून विचारायची रीतच नव्हती.

माझी धाकटी बहीण त्याच शिवारात, रस्त्यापासून अर्धा मैल आत, ओढ्यापलीकडच्या वस्तीवर दिलेली होती. तिचं पहिलं मूल घरीच अडलं आणि गेलं. दुसऱ्या खेपेला पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं, की कळा सुरू झाल्या की घरी थांबायचं नाही, थेट इस्पितळात यायचं. पुण्यात आमचं कुणी नव्हतं, आधीपासून राहायची सोय नव्हती. म्हणून आम्ही बोली केली. कळा लागल्या की दाजींनी बैलगाडी जुंपून ठेवायची. माझा आवाज आला की निघायचं. मी चढ चढून येईपर्यंत त्यांची गाडी ओढा ओलांडून रस्त्याला लागेल, आणि तिथूनच मी मोटार वळवून तिला पुण्याला न्यायचं. बहीण म्हणाली होती, "दादा, तुझी मोटार बोंबलत आली की आमी निघतोच बघ."

तिला नववा लागला आणि दापोडीच्या पुलापाशी हवालदाराने मला अडवलं. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "ही मोटार हाय का पिठाची गिरणी?" कागद काढून घेतले आणि पुन्हा पासिंग करून आणल्याशिवाय गाडी रस्त्यावर दिसता कामा नये, असं लिहून दिलं. मी त्याच्याशी भांडलो. माझं तोंड तेव्हा माझ्या गाडीपेक्षा मोठं होतं. त्याने काहीच फरक पडला नाही.

पहिल्या खेपेला मी शहाणपणा केला. ओल्या गोणपाटाचा बोळा नळीत कोंबला आणि पासिंगला उभा राहिलो. तपासणीचे साहेब गाडीमागे उभे राहून म्हणाले, "रेस करा." मी पाय दाबला आणि बोळा धडाम्‌दिशी सुटून साहेबांच्या पांढऱ्या पँटवर बसला. रांगेतले सगळे ड्रायव्हर हसले. साहेब हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. रुमालाने पँट पुसून म्हणाले, "खरा सायलेन्सर बसवून सोमवारी या. सकाळी या, म्हणजे लवकर सोडतो."

मी पुण्याच्या जुन्या बाजारात दोन दिवस हिंडलो आणि त्या मापाचा सायलेन्सर शोधून बसवून घेतला. बहिणीचे दिवस भरत आले होते, माझा जीव टांगणीला लागला होता. दाजींना निरोप धाडला, की सोमवारी गाडी सुटते, तिसऱ्या प्रहरी मी तुमच्या रस्त्याने येतो.

सोमवारी साहेबांनी शब्द पाळला. ब्रेक, दिवे, हॉर्न बघितला, कान देऊन इंजिन ऐकलं आणि सही केली. दोनच्या आत मी मोकळा झालो. गाडीत बसल्या बसल्या मला माझा खोकला ऐकू येत होता, याचंच मला कौतुक. पूल ओलांडला, चढ चढलो. बाभळीपाशी गाडी हळू केली. कुणी नव्हतं. म्हटलं, बरं झालं, अजून दिवस आहेत. आत वस्तीवर जावंसं वाटलं, पण चाकणला माल थांबलेला होता. उद्या जाऊ म्हणालो आणि गेलो.

त्या वेळी माझी बहीण अंगणात जुंपलेल्या बैलगाडीत, वाकळेवर पडलेली होती. दुपारी बारापासून. बाभळीखाली धड सावली नव्हती, म्हणून आवाज येईपर्यंत अंगणातच थांबायचं ठरलं होतं. दाजी बैलांच्या तोंडाशी उभे राहून कान देत होते. सासूने म्हटलं, निघा, रस्त्याला तरी लागू. तर बहीणच म्हणाली, "थांबा, दादा अजून आला न्हाई. आला की ऐकू येतंयच." ऊन उतरलं तेव्हा तिला गाडीतून काढून घरात घ्यावं लागलं. पोर पायाळू होतं. जन्मलं ते मेलेलंच.

दिवेलागणीला दाजी सायकलवरून चाकणला आले, तिचं रक्त थांबत नव्हतं म्हणून. त्यांना वाटत होतं, मी अजून पुण्यातच अडकलोय आणि चाकणला दुसरी एखादी गाडी मिळते का बघावं. माझी गाडी अड्ड्यावर उभी बघून ते जागच्या जागी थांबले.

"पाव्हणं, कधी आलासा?"

"तीनला."

मी इंजिन चालू केलं. दाजींनी बॉनेटवर हात ठेवला.

"एवढाच आवाज?"

त्यांना कळलं आणि मलाही तेव्हाच कळलं. सायलेन्सर बसवला हे निरोपात सांगायचं मला सुचलंच नव्हतं. वस्तीवर जाऊन आम्ही तिला उचललं आणि पुण्याला नेलं. वाटेत दाजी एकदाच बोलले, "तिला सांगू नगा."

ती वाचली. पुन्हा दिवस जायचे नाहीत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी तिने डोळे नीट उघडले आणि मला विचारलं, "त्या साहेबानं तुला सांजपर्यंत अडकवून ठेवलं, व्हय ना?"

मी हो म्हणालो.

दाजी गेले, आम्ही दोघं म्हातारी झालो. अजूनही घरात कुणाचं बारसं असलं की ती कोपऱ्यात बसून त्या साहेबाला शिव्या देते. त्याचं वाटोळं होऊ दे म्हणते, त्याला मुलाचं सुख मिळू नये म्हणते. मला आमटी वाढताना मध्येच थांबून विचारते, "तुझ्यासंगं पण त्यो लई वाईट वागला असंल, न्हाई रे दादा?" मी मान हलवतो आणि जेवतो.