मीटरने पास केलेला पडदा

माझी आत्या कामावर जाताना फक्त राखाडी कपडे घालते. राखाडी म्हणजे अगदी राखाडी, त्यात निळसर छटा नाही की तपकिरी नाही. टीव्हीच्या पडद्यासमोर लाल सदरा घालून उभं राहिलं की त्याची झाक पडद्यावर पडते आणि रंगाचं माप चुकतं, असं तिचं म्हणणं. शेजारणी म्हणतात, हिचं कपाट उघडलं की आतून ढगच बाहेर येतात. आत्या म्हणते, "तुम्ही आहात ना रंगीत, मग झालं तर."

तिचा धंदा पडद्यांचे रंग लावून देण्याचा. दुरुस्ती ती करत नाही. टीव्हीच्या पडद्यामागे दिवे असतात. वापरून वापरून ते मंदावतात, त्यांचा पांढरा उजेड पिवळट होत जातो, आणि हे इतकं सावकाश होतं की रोज बघणाऱ्याला पत्ताच लागत नाही. घरी मालिका बघणाऱ्याचं त्यानं काही बिघडत नाही. पण छापखाना, फोटो स्टुडिओ, दातांचा दवाखाना अशा ठिकाणी बिघडतं. तिथे आत्या दर तीन महिन्यांनी जाते. टीव्ही अर्धा तास तापू देते, कारण थंड दिव्याचा रंग वेगळा असतो. मग पडद्यावर रंग मोजणारं मीटर टेकवते, पांढरं खरोखर पांढरं होईपर्यंत टीव्हीतले रंगांचे आकडे फिरवते आणि टीव्हीच्या पाठीवर सहीचा दाखला चिकटवते. सुरुवातीच्या काळात दार उघडणारा माणूस तिच्या मागे डोकावून विचारायचा, तंत्रज्ञ कुठे आहेत? ती म्हणायची, "आलेत ना. बाजूला व्हा, म्हणजे आत येतील."

मीटर हा तिचा जीव. एकवीस वर्षं तेच एक मीटर, मऊ कापडात गुंडाळलेलं. लोक डोळ्यांवर वाद घालायला लागले की ती म्हणायची, "तुमचा डोळा जेवणानंतर वेगळं सांगतो आणि जेवणाआधी वेगळं. याला भूक लागत नाही."

हे वाक्य एकदा तिच्या चांगलंच अंगाशी आलं. ती गोष्ट मी दोन्हीकडून ऐकली आहे, आत्याकडून आणि दोऱ्याच्या कारखान्यातल्या शेडबाईंकडून.

शेडबाई म्हणजे शिलाईच्या दोऱ्याची छटा तपासणाऱ्या बाई. सत्तावीस वर्षं त्या एकाच खोलीत, एकाच खुर्चीत बसत होत्या. खोलीला खिडकी नाही, भिंती राखाडी. टेबलावर एक उघडी पेटी, तिच्यात दिवसाच्या उजेडासारखा उजेड देणारी ट्यूब. समोरच्या भिंतीवर टीव्ही. लांबचं गिऱ्हाईक आपल्या नमुन्याचा फोटो पाठवायचं, तो टीव्हीवर दिसायचा. रंगवलेलं रीळ पेटीत धरायचं, पडद्याशी ताडून बघायचं, आणि पास की नापास ते सांगायचं.

दीड वर्षापूर्वी तिथला जुना, पडद्यामागे बारीक ट्यूबलाइटसारखे दिवे असलेला टीव्ही काढून कारखान्याने नवा आणला. पातळ, झगझगीत, आत एलईडी. आत्याने तो मीटरने लावला आणि दाखला चिकटवला. शेडबाईंनी त्याच दिवशी सांगितलं की हा पडदा हिरवट आहे. आत्याने मीटर दाखवलं, भुकेचं वाक्य ऐकवलं आणि निघून गेली. पुढच्या प्रत्येक खेपेला बाई तेच बोलल्या. सहाव्या खेपेला त्या काही बोलल्या नाहीत. आत्याला वाटलं, पटलं असणार.

पटलं नव्हतं. मधल्या काळात मॅनेजर पडद्याकडे बघून त्यांच्याशी भांडायला लागला होता. बाई पडद्याचा हिरवटपणा मनात वजा करून ज्या रिळाला पास म्हणत, ते पडद्याशी जुळत नसे, आणि पडद्याशी जुळणारं त्या बाजूला टाकत. शेवटी त्याने हुकूम सोडला की पडदा म्हणेल तेच पास. त्या हुकमाने गेलेले राखाडी दोऱ्याचे तीन गठ्ठे गिऱ्हाइकाने परत पाठवले. कागदावर तपासनीस म्हणून नाव शेडबाईंचं. मॅनेजरने वर लिहिलं की बाईंची नजर गेली आहे, पडदा निर्दोष आहे, सोबत सहा दाखल्यांच्या प्रती. बाईंना सोमवारपासून पॅकिंगला पाठवायचं ठरलं. शेवटच्या तपासणीचा सातवा दाखला तेवढा हवा होता, म्हणून शुक्रवारी आत्याला बोलावणं आलं.

आत्या खोलीत शिरली तेव्हा बाई आपला कप, चष्म्याचं घर आणि पाठीमागची उशी पिशवीत भरत होत्या. आत्याने विचारलं, कुठे निघालात? बाईंनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता. म्हणाल्या, "तुझ्या सहीवर माझी रवानगी झाली, एवढं लक्षात असू दे."

आत्या सांगते, त्या क्षणी ती चिडली, ती बाईंवरच. एकवीस वर्षांत मीटर कधी चुकलेलं नाही, असं ती बोलून गेली. बाईंनी पिशवी खाली ठेवली. खणातून दोन रिळं काढली, पेटीत शेजारीशेजारी धरली. दोन्ही राखाडी, तंतोतंत सारखी. मग पेटीचा दिवा बंद करून दुसरा, पिवळा दिवा लावला. एक रीळ राखाडीच राहिलं, दुसरं लालसर झालं.

"दोन्हींची रंगाची भट्टी वेगळी, आत मिसळलेले रंग वेगळे," बाई म्हणाल्या. "एका दिव्याखाली सख्ख्या बहिणी वाटतात. दिवा बदलला की कळतं, चुलतसुद्धा नाहीत. आमच्यात नव्या पोरीला हे पहिल्या दिवशी शिकवतात. तुझ्या मीटरचा दिवा कधी बदलला का गं?"

आत्या खुर्चीच्या काठावर बसली. मीटरच्या पोटात तीन रंगीत काचा असतात. डोळा रंग कसा पाहतो, त्याची नक्कल त्या करतात, आणि ती नक्कल विशिष्ट दिव्यासाठी जुळवून घेतलेली असते. तिचं मीटर ट्यूबच्या उजेडासाठी जुळवलेलं होतं. एलईडीचा पांढरा उजेड वेगळ्या रंगांच्या मिश्रणातून होतो. ते मिश्रण त्या काचांना फसवतं, आणि मीटर बिनदिक्कत चुकीचा आकडा सांगतं. हे सगळं मीटरसोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं. एकवीस वर्षांपूर्वी एलईडीचे टीव्ही कुणी पाहिले होते? ते पान तेव्हा वाचून ती विसरून गेली होती.

तिने मॅनेजरला बोलावलं आणि सांगितलं, गोदामातला जुना टीव्ही आणवा. तो म्हणाला, त्याचा आता काय उपयोग, मेलाय तो. टीव्ही आला तेव्हा खरंच अर्धमेला होता, मंद आणि पिवळट. "माझ्यासारखाच," शेडबाई म्हणाल्या, "तापायला वेळ द्या." अर्धा तास थांबावं लागलं. मॅनेजरचं तीनदा घड्याळ बघून झालं. मग आत्याने जुना टीव्ही मीटरने लावला. उजेड आणखी घटला, पण पिवळेपणा गेला. नव्याचा उजेड तिने जुन्याइतका खाली आणला, तोही मीटरने लावला. दोन्ही पडद्यांवर सारखेच आकडे, शेवटच्या अंकापर्यंत. मधे तिने पेटी ठेवली आणि तिच्या उजेडात एक पांढरं कार्ड धरलं.

"मीटरच्या मते दोन्ही पडदे या कार्डासारखेच पांढरे आहेत," ती मॅनेजरला म्हणाली. "तुम्हाला काय दिसतं?"

मॅनेजरने पुढे होऊन एकेक बघितलं. जुना पडदा आणि कार्ड एक होतं. नवा पडदा शेवाळलेल्या पाण्यासारखा हिरवट होता. ते आंधळ्यालाही दिसलं असतं, आणि मॅनेजर आंधळा नव्हता. तो म्हणाला, बरं, पुढच्या खेपेला नवं मीटर आणा, आज सही करून टाका, बदलीचा कागद वर गेलाय, आता मागे कसा घ्यायचा.

आत्या उठली. नव्या टीव्हीच्या पाठीवरचे सहाही दाखले तिने नखाने खरवडून काढले. एक निघेना, तो चमच्याने काढला, बाईंच्या कपातल्या. मग तपासणीच्या कागदावर लिहिलं: गेल्या दीड वर्षातले माझे सहाही दाखले चुकीचे आहेत. या काळात या खोलीत बरोबर माप फक्त तपासनीस बाईंच्या डोळ्यांनी दिलं. परत आलेले तीन गठ्ठे या पडद्याशी जुळवून पास केले होते. खाली सही, तारीख.

मॅनेजर वाचून म्हणाला, "मॅडम, हा कागद बाहेर गेला तर तुम्हाला कोण काम देईल?"

"बाहेर मीच पाठवणार आहे," आत्या म्हणाली. "एक प्रत तुमच्या वरच्यांना. आणि असे नवे टीव्ही मी आणखी नऊ ठिकाणी लावलेत, नऊ प्रती तिकडे."

पाठवल्याही. नऊपैकी चौघांनी तिला पुन्हा बोलावलं नाही. छापखान्याचा मालक फोनवर म्हणाला की इतकी वर्षं आम्ही तुम्हाला देव मानत होतो. आत्या म्हणाली, ते तुमचं चुकलंच, पण माझंही चुकलं, आणि फुकट दुरुस्त करायला कधी येऊ ते सांगा. त्याने सांगितलं नाही. मीटर मात्र तिने फेकलं नाही. त्याच्या डबीवर आता चिठ्ठी आहे: फक्त ट्यूबवाल्या पडद्यांसाठी.

सोमवारी सकाळी शेडबाई पॅकिंगला गेल्या नाहीत. नेहमीच्या वेळी नेहमीच्या खोलीत गेल्या, उशी खुर्चीला लावली, कप टेबलावर ठेवला. आत्याच्या कागदाची प्रत त्यांनी पेटीच्या बाजूला चिकटवली, आत शिरणाऱ्याला पहिली तीच दिसेल अशी. भिंतीवर आता जुना टीव्ही होता, आत्याने शुक्रवारीच टांगून घेतलेला. नवा खाली, तोंड भिंतीकडे करून. पॅकिंगवाल्यांनी दोनदा निरोप पाठवला. बाईंनी दोन्ही वेळा सांगितलं की मी कामात आहे, आणि काम काहीच नव्हतं.

तीन दिवस असेच गेले. त्यांच्याकडे कुणी रीळ पाठवलं नाही आणि त्याही उठल्या नाहीत. चौथ्या दिवशी दारात मॅनेजर उभा राहिला, हातात राखाडी दोऱ्याची दोन रिळं. यातलं गिऱ्हाइकाला कुठलं पाठवायचं, हे त्याला कळत नव्हतं आणि गाडी बाहेर उभी होती. बदलीच्या कागदाबद्दल तो काही बोलला नाही. बाई खुर्चीतून उठल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि रिळांसाठी हात पुढे केला.

"आत या," त्या म्हणाल्या, "आणि दार लावून घ्या. बाहेरचा उजेड येतोय."