पवळ्या कापसात गेला

दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यावर राहणाऱ्या बाबूसिंग राठोडला कोणी शेतकरी म्हटलं, की तो कसनुसा हसतो आणि शुटिंगवाला म्हटलं, की मान ताठ करतो. कपाशी घरचीच आहे, पण ती पिकवते त्याची बायको लालीबाई. बाबूसिंगचा जीव कॅमेऱ्यात. पंचक्रोशीत असं लग्न होत नाही, ज्यात ऐन अक्षतांच्या वेळी खुर्चीवर चढून तो नवरीच्या मामाला "बाजूले सरका ना जी!" म्हणून ओरडला नाही.

माणूस तसा सज्जन, पण भलताच सावध. त्याचे वाडवडील बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडायचे. एका घरचं मीठ एकाच बैलावर लादायचं नाही, कारण बैल नदीत बसला की सगळं विरघळतं, ही त्यांची रीत. बैल गेले, मीठ गेलं, रीत तेवढी बाबूसिंगच्या डोक्यात राहिली. लग्नघरी गेला की तो एक चप्पल दाराशी काढतो आणि दुसरी मांडवामागे, म्हणजे चोर आलाच तर एकच जाईल. उरलेल्या एका चपलेचं पुढं काय करायचं, हे त्याला आजवर कोणी विचारलेलं नाही.

तर यंदा होळीच्या तोंडावर त्याचा लॅपटॉप पोटातून टकटक करायला लागला. दारव्ह्यात लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या संजयनं कान लावला आणि सांगितलं, "काका, आतली डिस्क चाल्ली. नवी टाका लागते. जे काय हाये ते आधी बाहेर काढून घ्या."

बाबूसिंगनं लॅपटॉप उचलून छातीशी धरला. कारण त्या डिस्कमध्ये राखीचं लग्न होतं. राखी त्याची एकुलती एक लेक. तिच्या लग्नात दुसरा शुटिंगवाला आणणं म्हणजे स्वतःचं नाक स्वतःच कापून घेणं, म्हणून बापानंच कॅमेरा धरला. हळद त्यानं काचेतून पाहिली, फेरे काचेतून पाहिले. पाठवणीला राखीची नानी धनीबाई नातीच्या गळ्यात पडून ढावलो गायली. मुलगी सासरी निघताना रडत रडत गायचं ते गाणं. अख्खा तांडा ढसाढसा रडला, कोणाला खिशातून फोन काढायची शुद्ध नव्हती. बाबूसिंग मात्र एक डोळा मिटून उजेड बरोबर येतो का ते बघत होता. लेकीची पाठवणी आपण पाहिलीच नाही, ती सगळी आत भरून ठेवली आहे, सवडीनं बसून पाहू, असं तो वर्षभर मनाशी म्हणत आला. कॅमेऱ्यातलं कार्ड तर पुढच्या लग्नासाठी केव्हाच पुसून झालं होतं. आता पहिल्या होळीला राखी माहेरी यायची होती, आणि धनीबाईनं फर्मान काढलं होतं, "जवाई, होळीले पडदा लाव. मले माहा ढावलो पाह्याचा हाये."

बाबूसिंगनं दोन बाहेरच्या डिस्क काढल्या. एकीचं नाव ढवळ्या, दुसरीचं पवळ्या. दोघांवर सारखंच ओझं लादलं. ढवळ्याला कपाटात ठेवलं. पवळ्यासाठी मात्र त्यानं बरंच डोकं खाजवलं. चोर आधी कपाट फोडतो. कापूस उपसून पाहणारा चोर अजून जन्मला नाही. शिवाय मऊ जागा, धक्का लागायचा नाही. मागच्या खोलीत भाव चढायची वाट पाहत छतापर्यंत कापूस भरलेला होता. बाबूसिंगनं पवळ्याला रुमालात बांधलं आणि खांद्यापर्यंत हात घालून आत सारलं. लालीबाईला सांगितलं नाही. गुप्त गोष्ट बायकोला सांगितली तर ती गुप्त कसली!

संजयनं नवी डिस्क बसवली. जुनी तर काढता काढताच कायमची गप्प झाली. घरी आल्यावर शहाण्या माणसानं आधी लग्न नव्या डिस्कमध्ये उतरवलं असतं. पण बाबूसिंगला सावधपणाचा झटका आला. त्यानं आधी कोऱ्या लॅपटॉपचीच नक्कल ढवळ्यावर घ्यायला लावली. लॅपटॉपला वाटलं, हे नवंच बिऱ्हाड आहे. त्यानं विचारलं, जागा पुरत नाही, जुन्या नकला काढून टाकू का? बाबूसिंगनं "हो" दाबलं. 'हो' म्हटलं की गाडी पुढं जाते, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. ढवळ्यावर आता रिकाम्या लॅपटॉपची अगदी चोख नक्कल होती.

हे ध्यानात आलं तेव्हा त्यानं ढवळ्याला दोनदा काढून पुन्हा जोडून पाहिलं. मग पवळ्या आठवला आणि तो हसतच मागच्या खोलीत गेला.

खोली झाडून सारवून ठेवली होती.

"लाली! कापूस कुठी गेला?"

"जिनिंगले पाठवला ना. आज भाव बरा होता," लालीबाई म्हणाली. "तुमी गेलते संजयकडे. तुमच्यासाठी भाव थांबते का?"

"अवं, त्याच्यात पवळ्या होता!"

"कोन पवळ्या? आपल्या घरी बैल कुठी हाये?"

बाबूसिंग सरकी काढायच्या त्या जिनिंगच्या आवारात पोचला तेव्हा तिथले सुपरवायझर भगवानराव निवांत चहा पीत होते. "कापसात माही डिस्क हाये," ऐकून त्यांनी कप तसाच खाली ठेवला. "लोखंड? कापसात? अहो, ठिणगी उडाली तं सारं जिनिंग जाईन!" त्यांनी यंत्र थांबवलं आणि बाबूसिंगच्या साऱ्या खानदानाचा उद्धार केला. मग चार माणसं ढीग उपसू लागली. बाबूसिंग कमरेएवढ्या कापसात शिरून, रुसलेल्या जनावराला हाक मारावी तसा "पवळ्या, पवळ्या" पुटपुटत होता. सापडला तो ढिगात नाहीच. गाडी रिकामी करताना तो खाली पडला होता आणि तिच्याच चाकाखाली आला होता. रुमाल शाबूत होता. आत पवळ्याची भाकर झाली होती.

होळीला राखी आली, धनीबाई आली. पडद्याची जागा रिकामी पाहून म्हातारीनं जावयाकडे बघितलं. बाबूसिंगनं सगळं कबूल केलं आणि सासूला आई म्हणून गळ घातली. "याडी, पुन्हा गातेस का? मी शुटिंग करतो."

"येडा हायेस का?" धनीबाई कडाडली. "पोरगी निघाल्याबिगर ढावलो गात नसते. बसल्या घरी गाणं म्हणजे काय भोंगा हाये?"

राखी निघाली त्या दिवशी तांड्यावरच्या शामची भाड्याची जीप दारात लागली. राखी पाया पडायला वाकली आणि कोणी न सांगता धनीबाईनं तिला गळ्याशी ओढून सूर लावला. बाबूसिंगनं झटकन कॅमेरा उचलला, एक डोळा मिटला.

म्हातारी गाता गाता थांबली. "जवाई, तू इचा बाप हायेस का शुटिंगवाला?"

त्यानं कॅमेरा जीपच्या पायरीवर ठेवला. राखी त्याच्याकडे वळून "बा" म्हणाली मात्र, वर्षभर जपून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. म्हातारीनं सूर पुन्हा उचलला. शामनं हॉर्नवरचा हात काढून घेतला.

कॅमेरा बंद करायचा राहिला होता. त्या शुटिंगमध्ये जीपचं मागचं चाक आणि लालीबाईची चप्पल, एवढंच दिसतं. आवाज मात्र साफ आला आहे. धनीबाईचा ढावलो शेवटपर्यंत आहे, आणि त्याच्यावर एक बाप्या माणूस हमसून हमसून रडतो आहे. बाबूसिंगनं त्याच्या तीन नकला केल्या. कपाटात एक, संजयकडे एक. तिसरी कुठं आहे, हे या खेपेला त्यानं लालीबाईला सांगून ठेवलं आहे.