एल्पिदियाचा भोंगा

आमच्या सान मेल्चोरमध्ये डुक्कर कापायचं तरी आधी भोंग्यावर सांगतात. न सांगता केलेलं काम म्हणजे चोरी, असा वाहाका प्रांताच्या या डोंगरातला रिवाज. भोंगा एल्पिदियाच्या छपरावर. बाई तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे उकडलेले पुडे विकते, तोंडाची फटकळ, आणि गावभरच्या बातम्या तीच वाचते.

एक दिवस टीव्हीने सांगितलं, सान मेल्चोरच्या गावसभेने खाणीला आनंदाने मान्यता दिली. खाणकंपनी परदेशी, तिकडच्या पेपरांनीही ‘या भागात स्थैर्य’ असं छापून टाकलं. अहो, सभा झालीच नव्हती! आमचा एकुलता एक झरा त्याच डोंगरात. खाण आली की झरा गेला.

एल्पिदियाने माइक हातात घेतला. “टीव्ही म्हणतो, आपण हात वर केले. ज्याने केला असेल त्याने माझ्याकडे यावं. तमाले फुकट!”

फुकटचे तमाले असूनही कुणी फिरकलं नाही.

सरपंच नाहुमला मिरच्या झोंबल्या. वायर कापायला त्याने गावचा शिपाई चानो धाडला. हा एल्पिदियाच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, त्या नात्याने तिला कोमाद्रे म्हणणारा, म्हणजे घरचाच माणूस. पक्कड घेऊन दारात उभा राहिला, तोंड पडलेलं.

“कोमाद्रे, मी हुकमाचा ताबेदार.”

“मग काप की! पण आधी सांग. डुकराला मिळतो तेवढा मान माझ्या भोंग्याला नको?”

“नाहुम मला फाडून खाईल गं.”

“आणि न सांगता कापलीस तर गाव तुला चोर म्हणेल. बघ बाबा, कुणाला भ्यायचं ते.”

चानोने घाम पुसला, माइकपाशी वाकला. “मी फेलिसियानो, तुमचा चानो. सरपंचांच्या हुकमाने वायर कापतोय. खाणीबद्दल कुणी बोलू नये म्हणून.” आणि खरंच कापली मेल्याने! माझं तर डोकंच फिरलं.

पण गावाने ऐकलं होतं. बायका मक्याच्या पिठाने भरलेल्या हातांनीच चौकात आल्या. कुणीतरी चर्चची घंटा बडवली, सभा भरली. नाहुम धावत आला.

“कसली सभा? मान्यता झालीय, टीव्हीवर आलंय!”

“मग टीव्हीचाच सरपंच हो,” एल्पिदिया म्हणाली. “आमचा नको. ज्यांना हा नको, त्यांनी हात वर करा.”

“शिपाई, हाकल हिला!” नाहुम किंचाळला.

चानोने सगळ्यांच्या आधी हात वर केला.

दुसऱ्या दिवशी टीव्ही म्हणाला, सान मेल्चोरमध्ये अस्थिरता. असू दे. पाणी आमचं आहे.