पाचव्या शीलापाशी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी परभणीच्या बाजारात भाजी घेत होते. "ताई, तुमचे दादा गेले," एवढंच ती बोलली आणि फोन तसाच चालू राहिला... भाजीची पिशवी कुठं राहिली ते आजही आठवत नाही.

दादा चुडाव्यात मास्तर होता. निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी पांढरा शर्ट घालून तो विहारात वंदना घ्यायचा. पंचशील तो पुढं म्हणायचा, मागून सगळे. पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. त्यावर त्याचा आवाज जरा जास्तच चढायचा, कारण वस्तीतल्या कितीतरी जणांशी भांडून त्यानं त्यांची बाटली सोडवली होती. एका रविवारी नेमक्या त्याच शीलावर त्याची जीभ अडखळली. शब्द चघळल्यासारखे निघाले, उठताना तोल गेला. मागं कुणीतरी हसलं. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' ही म्हण त्या आठवड्यात गावात किती तोंडांतून फिरली, विचारू नका. मला त्या तोंडांचा अजून राग येतो. एकानं तर जवळ येऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला. आयुष्यात थेंब न चाखलेला माणूस मान खाली घालून घरी आला.

लकवा म्हणजे तोंड वाकडं होणार, हातपाय लुळे पडणार, एवढंच आम्हाला ठाऊक. दादाचं तसलं काहीच नव्हतं, दुखतही नव्हतं. फक्त पावलं आखूड पडायला लागली आणि शर्टाची बटणं लागेनात. वहिनीनं गुपचूप सगळ्या शर्टांना आतून टिचबटणं लावली आणि वरची जुनी बटणं तशीच ठेवली, लोकांना दिसू नये म्हणून.

शेवटी मीच त्याला परभणीला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. मेंदूचा फोटो उजेडावर धरून त्यांनी सांगितलं की आत खोलवर केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात. रक्तदाबानं त्या वर्षानुवर्षं खराब होतात आणि एखादी बंद पडली की ज्वारीच्या दाण्याएवढी जागा मरते. जागा एवढीशीच, पण जिभेकडं किंवा हाताकडं जाणारी वाट तिथूनच जात असेल तर बोलणं जड होतं, बोटं ऐकत नाहीत; बुद्धी मात्र शाबूत राहू शकते. दादाच्या मेंदूत असे बरेच दाणे होते. बरं वाटतंय म्हणून गोळ्या त्यानं मधेच सोडल्या होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं एकच विचारलं.

"बाई, मी पेलो नव्हतो, हे त्यात दिसायलंय का?"

"दिसतंय, मास्तर," त्या म्हणाल्या. दादा तिथंच ढसाढसा रडला.

हा फोटो विहारात नेऊन सगळ्यांना दाखवू, असं मी परतताना म्हटलं. तो तडकला. "शील काय फोटू दाखवून शाबित करायचं असतं व्हय?" हट्टी होता, मानी होता. त्यानंतर विहाराची पायरी तो चढला नाही. रविवारी घरातच तो आणि वहिनी वंदना म्हणायचे. मग मोठा झटका आला आणि दादा गेला.

पुण्यानुमोदनाला गाव लोटलं. मास्तर सोन्याचा माणूस होता, असं तीच तोंडं सांगत होती. मी उभी राहिले आणि म्हटलं, कुणाची जीभ अचानक जड झाली, तोल गेला, तर त्याच्या तोंडाचा वास घेत बसू नका, आधी दवाखाना गाठा. आता बोलून दादा थोडाच परत येणार होता...

परवाच्या रविवारी वहिनीकडं गेले होते. दोरीवर त्याचा पांढरा शर्ट होता, टिचबटणं लावलेला. वहिनी वंदनेला बसली, मी शेजारी. ती भरभर म्हणत होती, पण पाचव्या शीलाचा पहिला शब्द उच्चारून ती थांबली. मला वाटलं, विसरली. मग लक्षात आलं, दादाला तो शब्द पुरा करायला जेवढा वेळ लागायचा, तेवढी ती थांबते आहे.

मीही थांबले.