धाकटीच्या अंगावर बेतलेला कोट

धाकटीच्या पाठीचा मणका सरकला आणि डॉक्टरांनी तिला लोखंडी पट्टा बांधला, ही बातमी तळमजल्यावर जन्मली. गच्चीवर पोचेपर्यंत पट्ट्याला कुलूपही लागलं. नाहीतर ती बाई अशी ताठ चालेलच कशी? खरं सांगायचं तर पट्टाबिट्टा काही नव्हता, कुलूप तर नव्हतंच. बाई ठणठणीत होती आणि नेमकं तेच कुणाच्या पचनी पडत नव्हतं. जन्मभर जिला पोक काढून चालताना पाहिलं, तिनं असं न सांगता सरळ व्हावं म्हणजे काय?

चाळिशी ओलांडली तरी ती धाकटीच. थोरली बहीण उंच, देखणी, चारचौघांत हशा पिकवणारी. ती लग्न होऊन लांब गेली, पण तिचा रुबाब घरातच राहिला. पाहुणे आले की आधी विचारत, "थोरली काय म्हणते?" धाकटी चहाचा ट्रे पुढे करून थोरलीची खुशाली सांगे. तिची स्वतःची कुणी विचारलीच, तर "माझं काय, चाललंय" एवढ्यावर भागवी. जिन्यात समोरून मांजर आलं तरी ही भिंतीला चिकटून त्याला वाट देई.

कामाला ती कोट शिवायच्या कारखान्यात. काजं करायची, बटणं लावायची. एकदा नमुने बेतायचा लाकडी पुतळा वाळवीनं पायात मोडला. कटिंग मास्तरांनी चष्म्यावरून सगळ्या बायकांवर नजर फिरवली आणि धाकटीपाशी थांबले.

"तू ये. तू जाड नाहीस, बारीक नाहीस, उंच नाहीस, बुटकी नाहीस."

दुसरी एखादी दिवसभर फुगून बसली असती. धाकटीला वाटलं, खरंच आहे, आपण कशातच नाही.

तेव्हापासून नव्या कोटाचा पहिला नमुना तिच्या अंगावर चढायला लागला. तो कोऱ्या मांजरपाटाचा असे. मास्तर त्यावर टाचण्या लावत, खडूनं रेघा ओढत, आणि त्याच मापानं पुढचे सगळे कोट कापले जात. ती खिडकीपाशी खोक्यावर उभी असे. इस्त्रीची वाफ छताकडे तरंगत जाई. उन्हात खडूची धूळ गोल गोल फिरे. काचेपलीकडचा रस्ता पाण्याखालून दिसावा तसा हले. उभं राहता राहता धाकटी स्वतःमधून अलगद निसटून जाई. मागे कोट उरे, ती नसे. तिला ते फार आवडे.

"दमलीस का गं, काही न करून?" काजंवाल्या विचारत.

"थोडीशी," ती म्हणे, आणि त्यांना हसू देई.

एका थंडीत करडा कोट निघाला आणि बघता बघता गावभर झाला. मग तक्रारी यायला लागल्या. मागे मानेखाली कापड फुगतं, पुढून कोट वर चढतो. मात्र खांदे पाडले, पाठ जरा वाकवली, की झकास बसतो. काहींनी कोट परत आणून टाकले. बाकीची सोशिक माणसं, त्यांनी कोटाला धरून वाकायचं पत्करलं.

धाकटीला हे कळलं ते एका धुक्याच्या सकाळी, कामावर जाताना. रस्ता सगळा करडा झाला होता. धुक्यातून एकेक जण उगवत होता, खांदे पाडून, नजर पायांशी ठेवून. शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं वर्ग गप्प होतो, त्या एका सायकलवाल्याला "तुम्ही जा आधी" म्हणत कडेला सरकल्या. पोस्टातली धिप्पाड बाई कुणाचा धक्का लागला नसताना माफी मागत होती. कुणाच्याच पावलांचा आवाज येत नव्हता. धाकटीला वाटलं, आपण अजून अंथरुणातच आहोत. ही चाल ओळखीची आहे, पण कुणाची? दुकानाच्या काचेत त्या सगळ्यांबरोबर तिचंही प्रतिबिंब चाललं होतं, आणि त्यातलं आपलं कोणतं ते तिला चटकन सांगता येईना.

तेवढ्यात मुख्याध्यापिका थांबल्या. त्यांनी ताठ व्हायचा प्रयत्न केला. कोट पुढून वर सरकला. त्यांनी तो खाली ओढला, पुन्हा ओढला, आणि मग नाद सोडून वाकून चालू लागल्या.

ती ओढ धाकटीला स्वतःच्या खांद्यांत जाणवली. आजवर तिला वाटे, आपण असलो काय, नसलो काय, कुणाला पत्ता लागणार नाही. इथे तर अख्खा रस्ता तिच्यामुळे वाकला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या लाजेच्या मागून, अगदी दबक्या पावलांनी, दुसरंच काहीतरी आलं. त्याला काय म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं.

कारखान्यात मालकीणबाई मास्तरांना फैलावर घेत होत्या. "कोट कापायला सांगितला होता, मास्तर. तुम्ही पोक कापलंत."

"अंगात होतं तेच कापलं," मास्तर म्हणाले.

"आता पुढचा कोट पुतळ्यावर. नवा सांगितलाय, आज-उद्या येईल. धाकटे, तू परत काजांवर बस."

एरवी ती गेली असती. वर पुतळ्यासाठी खोकंही पुसून ठेवलं असतं. ती जागची हलली नाही.

"तो येईपर्यंत एकदा मला उभं राहू द्या."

"मग इतके दिवस काय करत होतीस?"

"तेव्हा मी तिथं नव्हतेच, बाई."

मालकीणबाईंना काही उमगलं नाही. मास्तरांनी मात्र मुकाट्यानं मांजरपाट उचललं.

आधी तिनं छाती अशी काढली की मास्तर म्हणाले, "परेड नाहीये ही. श्वास सोड." तिनं सोडला. खिडकीबाहेर धुकं विरळ होत होतं. तिला वाटलं, ज्यांनी अजून हा कोट घेतलेला नाही ती सगळी माणसं या कोऱ्या कापडाच्या आत गोळा झालीत आणि आपण कशा उभ्या राहतो त्याची वाट बघतायत. आज ती निसटली नाही. थांबणं अवघड होतं. पाठीत कधी नव्हे तिथे दुखायला लागलं.

"मास्तर, टाचणी टोचली."

मास्तर चमकले. "आजवर कधी बोलली नाहीस."

"टोचायची. मला वाटायचं, ती टाचणीचीच जागा आहे."

मास्तरांनी पाठीवरचं फुगलेलं कापड चिमटीत धरलं, तिथून काढून टाकलं आणि पुढच्या बाजूला लांबी वाढवून दिली.

हल्ली नवा पुतळा कारखान्याच्या दाराशी असतो आणि लोक त्याच्या मानेच्या खुंटाला ओल्या छत्र्या अडकवतात. पण आला त्या दिवशी त्याचा थाट निराळा होता. चकचकीत, बिनडोक्याचा, नाकासमोर बघणारा, म्हणजे नाक असतं तर. मालकीणबाईंनी त्याच्या छातीवर टकटक केलं.

"बघ. हा दमत नाही, बोलत नाही, चहा मागत नाही. आणि तुझ्यापेक्षा ताठ आहे."

काजंवाल्यांच्या सुया थांबल्या. धाकटी खोक्यावर, अंगात टाचण्यांचा कोट. ती खाली उतरली नाही. म्हणाली, "ताठ आहे, बाई. पण कोट घालून त्याला कुठं जायचंच नसतं. मला जायचंय."